गवताचा ठेका

फॉर्म घेऊन आला पोरगा, श्रेणिक उपाध्ये, शिरोळकडचा,
गळ्यात पट्टी, पट्टीत फोटो, घामानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
म्हणाला, आक्का, सरकारला हिशोब पाहिजे,
लहान विमानांमुळं किती पैसा फिरतो.
मोठं, तिकिटाचं विमान नव्हे,
ती दोन माणसांची, चार माणसांची,
टोळागत भुर्रकन उठणारी.

म्हटलं, बस की. चहा घे आदी.
उजळाईवाडीच्या भिंतीला पाठ लावून बसलो दोघं.

लिही.
खांबावर ती नारिंगी बाही फुगलीया नव्हं वाऱ्यानं,
ती बाबालाल मुजावर शिवतो, कपिलतीर्थाच्या मागं.
एरवी परकर, गाद्यांच्या खोळा.
वर्षाला दोन बाह्या, दुहेरी टीप,
आषाढातला वारा एकेरी टिपेला ऐकत न्हाई.
वाऱ्याचं माप घेणारा कोल्हापुरात मी एकटाच, म्हणतो,
बिल तेवढं तीन म्हैन्यांनी निघतंय.

विमान ओढायच्या दांडीची पिन तुटली.
मुंबईला फोन केला, आठ दिवस लागतील म्हणाले.
उद्यमनगरात विश्वास सुताराच्या लेथवर
जेवणाची सुट्टी व्हायच्या आत झाली.
पैसे घेतले न्हाईत त्यानं.
म्हातारीला वरनं एकदा पंचगंगा दाखवा, म्हणाला.
ती फेरी अजून बाकी हाय.
ही उधारी कुठल्या रकान्यात घालतोस?

शिरोलीचा एक भट्टीवाला
गरम-गरम ओतीव नमुना टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन,
सकाळी सातला उडतो, दिवेलागणीला परत.
ऑर्डर मिळाली की दोन पाळ्या,
न्हाई मिळाली की त्याचा ड्रायव्हर बी आमच्याशी बोलत न्हाई.

नांदेडची प्रणोती, शिकाऊ पायलट,
माझ्या जावेच्या माडीवर ऱ्हाती.
तांबडा झेपत न्हाई, पांढराच पिती वाट्यावर वाट्या,
झोपेत इंग्रजीतनं वाऱ्याची दिशा बडबडती.
जावेनं त्या भाड्यावर गीझर बसवला.

आणि तुमचं, आक्का?

माझं गवत.
धावपट्टीच्या दोन्ही अंगाला गवत वाढलं की किडं,
किडं आलं की पाखरं,
पाखरं आली की विमानाला भ्या.
म्हणून ठेका. बोली लावून घेतो मी,
औंदा एकवीस हजार भरलं.
आठ बाया, आठ पास,
विळं मोजून आत, मोजून भाईर.
गवत जातंय गंगावेशीच्या म्हशींना,
म्हशी येत्यात कट्ट्यावर,
आणि रविवारी प्रणोती तिथं उभी ऱ्हाती,
धारोष्ण पेला, फेसाची पांढरी मिशी,
सोमवारी त्याच गवतावरनं उडती.

पोरगा खूश झाला.
गोल पुरा झाला म्हणाला,
रुपयाचे अडीच होतात असं कायतरी आकडं मांडलं.

मी म्हटलं, थांब, उठू नको.
तो तिसरा दिवा दिसतो?
त्याच्या पल्याड सासऱ्याचं रान हुतं.
दोन एकर. भुईमूग असा यायचा की उपटताना हात दुखायचं.
पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू,
पोराचं टायरचं दुकान त्याच्यावरच हाय.
पण नातवंडांच्या जन्मतारखा चुकत्यात माझ्या,
गट नंबर चुकत न्हाई.
आता तिथलंच गवत मी विकत घेतो.
ही जमा, का खर्च?

पेन दातात धरून बसला.

तेवढ्यात प्रणोती उतरत हुती,
बाहीकडं तोंड करून, हळू, हळू.
ती म्हणती, आक्का, तिसऱ्या दिव्यापाशी
चाक जरा हबकतं बघा,
बाकीच्यांना न्हाई जाणवत, मलाच जाणवतं.
मी काय बोललो न्हाई तिला.
तिथं विहीर हुती.
सत्तावीस हात. बुजवायला चार दिवस लागले,
मी भाकरी घेऊन बघत बसलोतो.

श्रेणिकनं शेवटी 'इतर' मध्ये लिहिलं, गवत.
चहाचे वीस रुपये त्यानंच दिले.
म्हटलं, तेबी लिही.